सोळा, शेहेचाळीस, पंचावन्न

चारोटी नाक्यावर पुलाखाली जीपची वाट बघत उभा होतो. पलीकडच्या पाड्यावरचा एक बाप भेटला. त्याचा मुलगा चौथीत आहे, दोन महिन्यांपूर्वी ताप उतरेना म्हणून कासा, तिथून डहाणू, तिथून परळ अशी त्यांची वाट झाली. रक्ताचा कर्करोग निघाला. बापाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल होती. त्याने एका कागदावर बोट ठेवलं. "सर, इथे पंचावन्न लिहिलंय. डॉक्टरांनी समजावलं, पण तेव्हा डोक्यात काही शिरलं नाही. माणसाचे शेहेचाळीस असतात म्हणाले. मग नऊ जास्त म्हणजे रोगपण जास्त का?"

बारावीला जीवशास्त्र शिकवतो, तेव्हा उत्तर मला यायला हवं होतं. अर्धं येत होतं. अशा माणसाला अर्धं उत्तर देऊ नये, म्हणून म्हणालो, "बुधवारी भेटू, नीट सांगतो." ही टिपणं त्या बुधवारसाठी.

*

मुळापासून. आपल्या अंगातल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं, २३ आईकडची, २३ बापाकडची. पेशीची दोन होताना आधी सगळ्यांची नक्कल निघते आणि मग वाटणी.

खळ्यावर दोन भावांत भाताची वाटणी होते तेव्हा पायली पुरते. पायलीभर इकडे, पायलीभर तिकडे, मूठभर कमीजास्त झालं तरी कुणाचं घर बुडत नाही. पेशीत वाटायचे असतात ते दाणे नव्हेत, दप्तरं. प्रत्येक दप्तर वेगळं. एकाकडे सातव्या क्रमांकाची तीन गेली आणि दुसऱ्याकडे एकच, तर एकूण आकडा जवळपास तोच राहील, पण दोन्ही घरांचा कारभार बिघडेल. म्हणून ही वाटणी मापाने होत नाही. एकेक दप्तर मोजून, जोडी लावून होते.

या वाटणीत चूक होऊन पेशीतली गुणसूत्रं कमीजास्त होतात, त्याला विज्ञानात ॲन्युप्लॉइडी म्हणतात. शब्द ग्रीक आहे, पण परका नाही. त्यातला 'अन' म्हणजे आपला नकाराचा 'अन्', आणि 'यू' म्हणजे आपला 'सु'. जे सु नाही ते. घडी विस्कटलेली.

*

प्रयोगशाळेत आज कांद्याची स्लाइड केली. दरवर्षी करतो, आज स्वतःसाठी केली.

कांदा पाण्याच्या ग्लासवर चार दिवस ठेवलेला. खाली पांढरी मुळं सुटलेली. काल सकाळी आठ-साडेआठला टोकं कापली, कारण त्या वेळी विभागणाऱ्या पेशी भरपूर मिळतात. अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात ती बुडवून ठेवली. आज पातळ आम्लात जरा गरम केली, की मूळ लोण्यासारखं मऊ होतं. काचपट्टीवर टोक, त्यावर ॲसिटोकार्मीनचा थेंब, वर कव्हरस्लिप, वर टिपकागद आणि मग अंगठ्याने सरळ दाब. अंगठा घसरला की सगळं फुकट, पेशी गुंडाळल्या जातात.

भिंगाखाली गुलाबी-लाल दोरे. कांद्याची गुणसूत्रं १६. एका पेशीत ती मधोमध रांगेत उभी होती, दुसरीत दोन्ही टोकांकडे ओढली जात होती. ओढणारे तंतू दिसत नाहीत, फक्त ओढ दिसते. त्या तंतूंच्या रचनेला पुस्तकात तर्कू म्हणतात, म्हणजे सूत कातायची चाती. नाव अगदी नेमकं आहे, आकारही तसाच, दोन्ही टोकांना निमुळता.

*

वाटणी चुकू नये म्हणून पेशीत एक पहारा आहे. आमच्या एसटीचा कंडक्टर खालचा शेवटचा माणूस चढल्याशिवाय डबल बेल देत नाही, तसा. सगळी गुणसूत्रं दोन्ही बाजूंच्या तंतूंना नीट जोडली गेली की मगच विभाजन पुढे सरकतं. एक जरी मोकळं राहिलं, तर त्या एकट्यासाठी ४५ थांबतात.

१९९१ मध्ये यीस्टमध्ये या पहाऱ्याची जनुकं सापडली, मॅड आणि बब नावांची. तीच माणसातही आहेत.

क्वचित घरात अशी मुलं जन्मतात, ज्यांना आई आणि बाप दोघांकडून बबच्या कुळातलं एक जनुक बिघडलेलं मिळतं. त्यांच्या अंगभर पेशींमध्ये गुणसूत्रांचे आकडे वेगवेगळे. डोकं लहान राहतं, आणि त्यातल्या अनेकांना लहानपणीच कर्करोग होतो. हे कारण २००४ मध्ये कळलं. पहारा ढिला पडला तर काय होतं, याचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे मिळत नाही. तो पुरावा मुलांच्या अंगावर लिहिलेला आहे, हे विसरून तो शिकवता येत नाही.

*

कर्करोगाचं मूळ चुकलेल्या वाटणीत असावं, ही शंका जुनी आहे. १८९० मध्ये बर्लिनमध्ये डेव्हिड फॉन हान्सेमान गाठींचे काप भिंगाखाली बघत होते. त्यांना दिसलं की गाठीतल्या पेशी असमान वाटणी करतात, एकीला जास्त, एकीला कमी, कधी दोनाऐवजी तीन-चार टोकांकडे ओढाताण.

मग थिओडोर बोव्हेरी. त्यांनी समुद्री साळिंदराच्या अंड्यात एकाऐवजी दोन शुक्रपेशी शिरू दिल्या. अंडं एकदम चार भागांत फुटलं, आणि गुणसूत्रं चार ठिकाणी जशी हाती येतील तशी वाटली गेली. बहुतेक गर्भ बिघडले, मेले. १९०२ मध्ये त्यांनी मांडलं की नुसती संख्या पुरत नाही, प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं आहे आणि पूर्ण संच लागतो. १९१४ मध्ये पुढचं पाऊल: दुष्ट गाठीचं मूळ अशाच एका चुकलेल्या वाटणीत, एका पेशीत असावं. पुढच्याच वर्षी ते वारले. गाठींवर त्यांनी स्वतः प्रयोग केले नव्हते, साळिंदरावरून विचार करत ते तिथे पोचले. त्यांच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर त्यांची पत्नी मार्सेला यांनी केलं, १९२९ मध्ये.

*

भाद्रपदात इथल्या कुंपणांवर कळलावी फुलते. पाकळ्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या, टोकाला लाल, जळत्या काकड्यासारख्या. पोरांना लहानपणापासून सांगितलेलं असतं, कंदाला हात लावू नका. बरोबरच आहे, कंद खाऊन माणसं मेलेली आहेत.

त्या कंदातलं विष म्हणजे कोल्चिसीन. ते तर्कूचे तंतू बनूच देत नाही. पेशी वाटणीच्या ऐन तयारीत अडकते, गुणसूत्रं उभीच राहतात. मोजायची तर हीच वेळ.

स्वीडनमधल्या लुंडचे आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कोल्चिसीन कांद्याच्या मुळांना दिलं. माझ्या ग्लासवर असतो तोच कांदा. विभाजन अडलं, १६ची ३२ झाली. हेच लेव्हान पुढे कर्करोगाच्या पेशींकडे वळले. १९५५ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत जो हिन त्यो यांनी माणसाच्या पेशी कोल्चिसीनने थांबवून गुणसूत्रं मोजली. ती ४६ निघाली. तोवर सगळ्या जगातल्या पुस्तकांत ४८ छापलेली होती, १९२३ पासून. ४८ शिकलेल्यांना भिंगाखालीही ४८ दिसत होती.

हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. मोजणाऱ्याने आधी पुस्तक मिटायला हवं.

*

कर्करोगावर संशोधन करणाऱ्या कमल रणदिवे यांच्याबद्दल मुलांना काहीच माहीत नसतं, याचं वाईट वाटतं.

जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७, माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. एम.एस्सी. पुण्याच्या शेतकी कॉलेजात, १९४३ मध्ये, विषय सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. सीताफळ १४, रामफळ १४. तिथून मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलात, डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली, आणि १९४९ मध्ये पीएच.डी. टाटा हॉस्पिटल उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ ला. खानोलकरांनी तिथे विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली, आणि १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र.

रणदिवे बाईंनी पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. याच गाय यांच्याकडे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी काचेत वाढू लागल्या, तिला न विचारता घेतलेल्या. ती त्याच वर्षी गेली, पेशी अजून वाढताहेत. त्यांच्यात गुणसूत्रं ४६ नाहीत, सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. गुणसूत्रांचा हिशोब मोडला तरी पेशी जगू शकते, नुसती जगत नाही तर थांबतच नाही, हे साऱ्या जगाने त्या पेशींत पाहिलं.

बाईंनी परत येऊन मुंबईत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. उतारवयात त्या अकोले तालुक्यातल्या राजूरला जात. आदिवासी मुलांचं पोषण तपासायला, बायकांना आरोग्याचं काम शिकवायला. सीताफळाच्या गुणसूत्रांपासून राजूरच्या पोरांच्या दंडाच्या मापापर्यंत एकच नजर, असं मला वाटतं. मोजायचं, आणि ज्याचं मोजलं त्याच्यासाठी पुढे काहीतरी करायचं.

*

झाडांना आकड्यांचं इतकं वावडं नाही. घरोघरी खातो त्या केळ्यात संच तीन, ३३ गुणसूत्रं, म्हणून त्यात बी धरत नाही. उसात तर शंभरावर, एका जातीत एक आकडा, दुसरीत दुसरा. तरी ऊस गोड. घोलवडचा चिकू मात्र नेमका, २६.

प्राण्याला हे सोसत नाही. माणसाच्या गर्भात एक गुणसूत्र जास्त किंवा कमी झालं, तर बहुतेक वेळा गर्भ राहतच नाही. अपवाद थोडे. त्यातला सगळ्यांना माहीत असलेला म्हणजे २१ वं गुणसूत्र तीनदा येणं, डाउन सिंड्रोम. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेज्युन यांनी ४७ वं दाखवलं. या मुलांना ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, धोका इतरांहून कितीतरी जास्त, पण मोठेपणी होणाऱ्या घट्ट गाठींचे कर्करोग मात्र त्यांच्यात कमी. एकच जादा गुणसूत्र, एका ठिकाणी धोका, दुसऱ्या ठिकाणी राखण.

बापाच्या प्रश्नाचं पहिलं सूत इथे हाताला लागलं. 'जास्त' एवढ्याने काही ठरत नाही.

*

एक कोडं बरीच वर्षं होतं. अँजेलिका अमॉन यांनी अमेरिकेत यीस्टमध्ये, मग उंदरांच्या पेशींत, एकेक जादा गुणसूत्र घालून पाहिलं. पेशी फोफावायला हव्या होत्या. उलट त्या मंदावल्या. जादा गुणसूत्र म्हणजे जादा प्रथिनं, त्यांची घडी घालायची, नको ती मोडायची, सगळा भार. घरात चार माणसांचा स्वयंपाक आणि दहा जणांचं सामान येऊन पडावं, तसं.

आणि तरी घट्ट गाठींच्या कर्करोगांत दहातल्या जवळपास नवांत आकडा बिघडलेला असतो. मग हे कसं?

आता समजतं ते असं. आकडा चुकलेल्या बहुतेक पेशी मरतात किंवा थांबतात. पण चूक पुन्हापुन्हा होत राहिली, की हजारो वेगवेगळे संच तयार होतात. त्यातला एखादा त्या जागेला, त्या औषधाला, त्या उपासमारीला नेमका पुरून उरतो. पेरणीला बियाणं मिसळलेलं असावं आणि अवर्षणात त्यातलं एकच वाण तगावं, पुढच्या साली सगळं शेत त्याचं व्हावं. शेतकऱ्याच्या बाबतीत ही देणगी. कर्करोगात तीच पेशीची ताकद, आणि उपचाराला सर्वात अवघड गोष्ट.

*

बिघडलेला आकडा रोगाचं कारण की परिणाम? यावर जन्म घालवलेली माणसं आहेत. मला पटणारा प्रयोग २००७ मधला. उंदरांत गुणसूत्र ओढायला लागणारं एक प्रथिन निम्म्यावर आणलं, वाटण्या चुकू लागल्या. म्हातारपणी त्या उंदरांत प्लीहेच्या आणि फुप्फुसाच्या गाठी वाढल्या. पण ज्या उंदरांत इतर कारणांनी गाठी व्हायच्याच होत्या, त्यांच्यात त्या घटल्या. थोडी चूक रोगाला वाट करून देते. चुकांवर चुका लादल्या तर रोगाची पेशीही कोसळते.

म्हणून आता उलटं औषध शोधलं जातंय. ज्या पेशींचा आकडा आधीच बिघडलेला, त्यांना विभाजनात एका विशिष्ट प्रथिनाचा आधार जास्त लागतो. तो आधार काढायचा, म्हणजे निरोगी पेशी निभावतील, बिघडलेल्या पडतील. अशा औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू आहेत.

*

तंबाखू. नाक्यावर अर्ध्या लोकांच्या गालात गोळी असते, माझे विद्यार्थी धरून.

गालाच्या आतून बोथट चमच्याने हलकं खरवडलं, काचेवर पसरलं, रंग दिला, तर तंबाखू खाणाऱ्यांच्या पेशींत मोठ्या केंद्रकाशेजारी छोटा ठिपका जास्त दिसतो. लघुकेंद्रक. वाटणीत मागे पडलेलं गुणसूत्र किंवा त्याचा तुकडा, ज्याच्याभोवती वेगळंच आवरण झालं. गाडी सुटली, एक माणूस फलाटावर राहिला, तो हा. त्या छोट्या आवरणात गुणसूत्र नीट जपलं जात नाही, तुकडे होतात, पुढच्या वाटणीत ते तुकडे उलटसुलट जोडले जातात.

धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या रक्तात काही पेशींतून वाय गुणसूत्रच नाहीसं झालेलं जास्त सापडतं, हेही आता माहीत झालंय. तोंडात काही दुखत नसतं तेव्हा हे सगळं चाललेलं असतं. बारावीच्या मुलांना पुढच्या आठवड्यात हा ठिपका पुस्तकातल्या चित्रावरून दाखवायचा.

*

याच विषयातली एक वाईट आठवण लिहून ठेवतो. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यात गुणसूत्रांचा आकडा बिघडलेला असेल तर कर्करोग जवळजवळ ठरलेलाच, असं नॉर्वेतल्या यॉन सुडबो यांनी २००१ मध्ये मोठ्या नियतकालिकात मांडलं. आशा वाटली, की कुणाला जपायचं ते आधीच कळेल. मग २००५ मधल्या त्यांच्या दुसऱ्या एका लेखातली माहिती खोटी निघाली. ९०८ रुग्णांपैकी २५० जणांची जन्मतारीख एकच होती. माणसं बनवलेली होती. २००६ मध्ये आधीचे लेखही मागे घेतले गेले.

नंतर इतरांनी प्रामाणिकपणे मोजलं. आकडा बिघडलेल्या चट्ट्यात धोका खरोखर जास्त असतो, पण तो ठरलेला नाही. हे उत्तर कमी चमकदार, पण त्यावर माणसाला सल्ला देता येतो. खोट्या आकड्याने कुणाचा तरी निष्कारण जबडा कापला जाईल किंवा कुणी निर्धास्त राहील. मोजणी हे सेवेचं काम आहे, त्यात खोटं म्हणजे रुग्णाच्या ताटात माती.

*

आकडा बरोबर, तरी रोग, असंही असतं. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना रक्ताच्या एका जुनाट कर्करोगात ४६ च गुणसूत्रं दिसली, पण एक फार आखूड. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी शिकागोत दाखवलं की ९ व्याने आणि २२ व्याने आपापले तुकडे बदलले आहेत. फोटोतली गुणसूत्रं कात्रीने कापून त्या घरी जेवणाच्या टेबलावर जुळवत बसत. त्या एका अदलाबदलीवर नेम धरून केलेली गोळी, इमॅटिनिब, २००१ मध्ये आली. आता कित्येक जण रोज गोळी घेऊन कामावर जातात.

मोजायचं, आणि मोजल्यावर एकेकाकडे बघायचंही.

*

शाळेच्या पायरीशी सदाफुली आहे. मूळची मादागास्करची, पण आता कुठल्याही अंगणात, पाणी न घालता.

तिच्यातून व्हिनब्लास्टीन, व्हिनक्रिस्टीन. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर तिच्या पानांत मधुमेहाचं औषध शोधत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. १९५८ मध्ये त्यांनी व्हिनब्लास्टीन वेगळं केल्याचं जाहीर केलं, मागोमाग व्हिनक्रिस्टीन आलं. तेही कळलावीच्या विषासारखं तर्कूवरच घाव घालतं. वाटणीच अडवायची, म्हणजे फार वेगाने वाटण्या करणाऱ्या पेशी आधी मरतात.

चौथीतल्या त्या मुलाला पहिल्या महिन्यात दर आठवड्याला शिरेतून देतात ते हेच व्हिनक्रिस्टीन. त्याचे केस गेलेत, पाय जड वाटतात म्हणतो.

बापाला हे सांगताना एक गोष्ट ठासून सांगायची: अंगणातल्या सदाफुलीचा काढा पोराला द्यायचा नाही. शेकडो किलो वाळल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं, ते मोजून दिलं तर औषध. न मोजता दिलं तर विष.

*

आता पंचावन्न.

लहान मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, म्हणजे या मुलाच्या रोगात, सुमारे चौथ्या भागात गुणसूत्रं पन्नासाच्या वर निघतात. कुठलीही नव्हे, बहुतेक ठरावीकच: एक्स, ४, ६, १०, १४, १७, १८, २१. आणि या मुलांना औषध चांगलं लागू पडतं. त्यांच्यातली बहुसंख्य बरी होतात. उलट ज्यांची ४४ पेक्षा कमी, त्यांचा रोग हट्टी.

कारणाचा एक भाग तर फार सुंदर आहे. या रोगात मेथोट्रेक्सेट नावाचं औषध देतात. ते पेशीत शिरतं ते एका दारातून, आणि त्या दाराचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर. २१ वं जास्त वेळा असेल तर दारंही जास्त. पेशी स्वतःच्या हाताने जास्त औषध आत घेते. ज्या चुकीमुळे ती माजली, तीच तिला पाडायला मदत करते.

*

मेथोट्रेक्सेटची गोष्ट परळपासून सुरू होते, आणि हे परळला जाणाऱ्या सगळ्यांना माहीत असायला हवं.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर गिरणी कामगार बायकांचं रक्त का आटतं ते शोधायला. परळच्या हाफकिन संस्थेत बसून त्यांनी बायका काय खातात ते मोजलं. यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, रक्त सुधारतं हे १९३१ मध्ये दाखवलं. त्या अर्कात होतं ते फॉलिक ॲसिड. आमच्या उपकेंद्रावर गरोदर बाईला लोहाबरोबर मिळणाऱ्या गोळीत आज तेच असतं.

पुढे येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या गटाने अमेरिकेत फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं, आणि त्याच्यासारखं दिसणारं पण त्याचं काम अडवणारं द्रव्यही. ते बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं, आणि १९४८ मध्ये जाहीर केलं की रोग काही काळ मागे हटतो. मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड.

गिरणीतल्या बायकांचं फिकट रक्त, आणि वीस वर्षांनी पोरांच्या रक्तातला रोग. ज्या बायकांच्या बोटातून ते रक्त घेतलं, त्यांची नावं कुठेही नाहीत. त्यांचे उपकार या पाड्यापर्यंत पोचलेत.

*

बुधवार. पुलाखाली, चहाच्या टपरीवर. जे लिहिलं त्यातलं थोडंच सांगितलं.

"पंचावन्न म्हणजे रोग जास्त, असं नाही. या रोगात हा आकडा बरा धरतात. पण बरा म्हणजे औषध सोडलं तरी चालेल असा नाही. औषध पुरं घेतलं तरच बरा."

त्याने विचारलं, "आमच्या घरातून आलं का? सिकलसेलचं तसं सांगतात."

इथल्या माणसाला सिकलसेल माहीत आहे, म्हणून प्रश्न बरोबर होता. सांगितलं, "सिकलसेल आई-बापाकडून येतो. हे तसं नाही. मुलगा जन्मला तेव्हा त्याचा आकडा शेहेचाळीसच. हाडाच्या आतल्या एका पेशीत वाटणी चुकली, तिची पिल्लं वाढली. कुणाच्या पापाने नाही, कुणाच्या नजरेने नाही, आईच्या खाण्यानेही नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे तिला सांगायला घरी या, सर. ती स्वतःला लावून घेते."

गेलो. सांगितलं. ती चुलीपाशी बसून ऐकत होती, काही बोलली नाही. निघताना तांदळाची भाकर बांधून दिली.

*

त्यांचा एक दिवस असा. पहाटे जीपने चारोटीहून डहाणू, वीस-पंचवीस किलोमीटर. डहाणू रोडहून लोकल. एप्रिल २०१३ पासून लोकल इथपर्यंत आली हे किती घरांना तारून गेलं, ते फक्त अशा फाइली घेऊन जाणाऱ्यांनाच कळतं. दादरला उतरून परळ. रात्र झाली तर दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत, जागा असेल तर. हे अडीच-तीन वर्षं. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला.

मधेच मूल चांगलं दिसायला लागतं, केस येतात, खेळतं. भातलावणी आलेली असते, मजुरी बुडते. तेव्हाच फेरी चुकते, आणि मागे राहिलेल्या मूठभर पेशींतून रोग परततो. पंचावन्न हा आकडा त्या फेऱ्यांच्या भरवशावर चांगला आहे.

शाळेत सगळ्यांनी मिळून ठरवलं, लावणीच्या महिन्यात मुलाला परळला न्यायची पाळी आम्ही शिक्षक घेणार. वहीत तारखा लिहिल्यात.

*

आज रविवारी बाप मुलाला घेऊन प्रयोगशाळेत आला. मुलाच्या तोंडाला फडकं, डोक्यावर टोपी, टोपीखाली बारीक लव आलेली. नवी स्लाइड करून ठेवली होती. स्टूलवर उभा राहून त्याने भिंगात डोळा लावला. आधी काही दिसेना, मग एकदम स्थिर झाला.

"दोरे दिसतात."

"मोज."

बोटांवर मोजत होता, ओठ हलत होते. "पंधरा."

मी बघितलं. मलाही पंधराच. मग सूक्ष्म स्क्रू केसभर फिरवला. एका दोऱ्याखाली दुसरा आडवा पडलेला, कडा तेवढी दिसत होती.

"आता?"

परत पहिल्यापासून मोजलं त्याने. "सोळा. एक खाली लपलेला."

त्याला सांगितलं, परळलाही असंच करतात. एका पेशीवर विश्वास ठेवत नाहीत, साधारण वीस पेशी मोजतात, एकमेकांवर पडलेले दोरे वेगळे करून बघतात. तुझे पंचावन्न असे मोजलेत.

"अजून एक पेशी दाखवा," तो म्हणाला. काचपट्टी सरकवली. बाप मागे उभा होता. पोरगा दुसऱ्यांदा मोजू लागला तेव्हा त्यानेही बोटं धरली, त्याच्याबरोबर.